साकु म्हणेपर्यंत

सोलापुरात चादर न विणता, विडी न वळता आणि शेंगाचटणी न विकता नुसत्या खटखटाटावर जगणारा माणूस एकच आहे, आणि तो आमच्या मागच्या गल्लीत राहतो. गल्ली त्याला मशीनवाला म्हणते. नवीन माणसाला वाटतं, शिलाई मशीन असेल, नाहीतर पिठाची गिरणी. एक मावशी खरोखरच ज्वारीचा डबा घेऊन गेल्या होत्या. यानं डबा ठेवून घेतला, माईकसमोर ज्वारी सुपात घोळवली, ती सळसळ मशीनमध्ये साठवली आणि डबा तसाच न दळता परत दिला. "मावशी, काम झालं," म्हणाला. त्या अजून त्या गल्लीतून जात नाहीत.

मशीन म्हणजे पाटाएवढी एक पेटी आणि तिच्यावर रबराची चौकोनी बटणं. कुठलाही आवाज तिला ऐकवायचा, त्याचे तुकडे करायचे, एकेका बटणावर एकेक तुकडा बसवायचा आणि बोटांनी ते वाजवून नवाच ठेका बांधायचा. पोटासाठी तो डीजेवाल्यांना वरातीची गाणी जोडून देतो, पण जीव सगळा ड्रम अँड बेस नावाच्या प्रकारात. मी आमच्या घराण्यातला पहिला पदवीधर, बी.कॉम., तेही एकदाही न अडकता. पण हा प्रकार कळायला मला डिग्रीपेक्षा जास्त वेळ लागला. कळला तो असा : वर ड्रम मागं कुत्रं लागल्यासारखे पळत असतात आणि खाली बेस तळ्यात बसलेल्या म्हशीसारखा हलत नाही. दोन्ही एकाच वेळी. मी हे त्याला बोलून दाखवलं तेव्हा त्यानं मशीन बंद केलं. "तुझी पदवी अगदीच वाया नाही गेली," म्हणाला.

त्याला जेवायला बोलावणं म्हणजे घरात भांडण बोलावणं. आमच्याकडं आला की पहिली गोष्ट, चुलीपाशी जाऊन आईसमोर मोबाईल धरणार. "काकू, जरा जोरात थापा की." आई म्हणते, "भाकरी खायला आलायस का ऐकायला?" वाढलेली कडक भाकरी तो खात नाही, कानाशी धरून मोडतो. एक तुकडा मोडला, मान हलवली, दुसरा मोडला. आईनं शेवटी ताट ओढून घेतलं. अन्नाचे हाल बघवत नाहीत म्हणाली. पण आज त्याच्या कुठल्याही ठेक्यात तो कडाड असा मधला ठोका ऐकू आला की समजायचं, ती आमच्या घरची भाकरी आहे. हे आईला सांगितलं, तर पुढच्या वेळी तिनं दोन भाकऱ्या जास्त कडक केल्या.

एकदाच त्यानं स्वतःचा ठेका एका वरातीत घुसवला. पोरं आधी खूश झाली, मग पाय कुठं टाकायचा ते कळेना. नवरदेवाच्या मामांना दम लागला आणि ते रस्त्याच्या कडेला टेकले. तेवढ्यात ठेका एकदम थांबला. या प्रकारात तसा थांबा असतोच. सगळं गप्प होतं आणि मग बेस धाडकन येतो. पण वरातीला हे कोण सांगणार? लाईट गेली असं समजून जनरेटरवाला डिझेलचा कॅन घेऊन पळाला, आणि बेस आला तेव्हा निम्मं डिझेल त्याच्या पँटवर. डीजेचा मालक म्हणाला, "पैलवान, वरातीत मोकळी जागा सोडत नसतात." तेव्हापासून याचे ठेके घराबाहेर पडले नाहीत.

घरात ऐकणारे एकच होते, त्याचे अप्पा. अप्पा अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात जॉबर होते. जन्मभर माग दुरुस्त केले, मागांचा एकसुरी आवाज कानात मुरलेला. आवाज अडखळला की धागा तुटला, एवढंच त्यांचं संगीत. आणि पोराचा ठेका तर अडखळण्यावरच उभा. हा आतल्या खोलीत रंगात आला की अप्पा खाटेवरून उठायचे, भिंत धरत यायचे आणि प्लग ओढायचे. "साकु," म्हणायचे. साकु म्हणजे कन्नडमध्ये पुरे. घरात जेवण, भांडण, पाहुणे, सगळं त्या एका शब्दावर संपायचं.

"साकु. धागा तुटलाय."

"अप्पा, तसंच असतंय ते. अडखळणं हेच गाणं हाय."

"मग आमच्या शेठनं मला अडखळायचा पगार दिला असता की."

मुलीकडचे बघायला आले, मुलगा काय करतो विचारलं, तर अप्पा सरळ म्हणाले, "धागे तोडतो." ते स्थळ चहावरच परत गेलं. पुढची स्थळं अप्पांचं उत्तर कानावर पडल्यामुळं आलीच नाहीत. याला त्याचं फार वाईट वाटल्याचं दिसलं नाही. त्याचं एकच होतं : एकदा तरी अप्पांनी एक ठेका शेवटपर्यंत ऐकावा, प्लगला हात न लावता.

तसं झालं, पण भलत्याच रीतीनं. मागच्या वर्षी अप्पांच्या अंगावरून वारं गेलं. उजवी बाजू गेली, जीभही गेली. घरात बाईमाणूस नाही, हा एकटा किती उचलणार. म्हणून अक्का, त्याची मोठी बहीण, त्यांना आपल्या सासरी दुधनीला घेऊन गेली. आता प्लग ओढायला कुणी नाही. मला वाटलं, पठ्ठ्या आता दिवसभर वाजवेल. वाजवतो. पण त्याचं एकही गाणं संपत नाही. तसंच पळत राहतं. मी म्हटलं, आता कुठंतरी संपव की. तर म्हणाला, "संपवायचं मला कुटं येतंय? ते अप्पा करायचे."

आता रोज दिवेलागणीला तो दुधनीला फोन लावतो. अक्का फोन अप्पांच्या कानाशी धरते आणि हा पेटी सुरू करतो. त्याला आशा आहे की एक दिवस अप्पा चिडतील आणि साकु म्हणतील. डॉक्टर जे म्हणायचं ते म्हणाले आहेत, ते त्यानं ऐकून घेतलं आहे.

परवा मी त्याच्याकडं होतो. अप्पांची खाट तशीच घातलेली, तिच्यावर घडी न मोडलेली चादर. मी खाली बसलो. ठेका पळत आला, आमच्या घरची भाकरी कडाडली, आणि सगळं थांबलं. ही मोकळी जागा आधी एका श्वासाएवढी होती. आता ती एवढी लांबली आहे की नाचणारा माणूस घरी जाऊन चहा पिऊन येईल. फोनमधून दुधनीचं घर ऐकू यायला लागलं. पंखा घरघरत होता, कुणीतरी कन्नडमध्ये पोराला रागावत होतं. आम्ही दोघं फोनकडं बघत बसलो. मग पलीकडं कुणीतरी खोकलं.

"अप्पाच," तो मला हळूच म्हणाला. "बरोबर जागेवर खोकले बघ."

बेस आला. खाटेची पट्टी थरथरली. अक्काचा आवाज आला, "ऐकायलेत रे, डोळे उघडे हायत. ठेवू का? स्वयंपाक राहिलाय."

"ठेव."

त्यानं फोन खाली ठेवला, मशीन जवळ ओढलं आणि वाकून बटणं दाबू लागला. मी विचारलं, आता काय करायलास.

"मधला थांबा अजून थोडा वाढवायलोय," तो म्हणाला. "अप्पांना आता वेळ लागतो."