कापलेला ताणा

अमेरिकेत लढाई पेटली आणि वऱ्हाडचा सारा कापूस विलायतेच्या गिरण्यांसाठी मुंबईकडं निघाला. बाळापुरातल्या विणकरांना सूत परवडेना. चंद्रभान कोष्ट्याच्या मागावर धूळ साचली. शेजारच्या गयासुद्दीनचाचांकडं मात्र जुनं सूत थोडं शिल्लक होतं. ते आपणहून म्हणाले, "अर्धं तू घेऊन जाय, चंद्रभान."

"मले नाई लागत," तो फटकन बोलला.

मग दिवसभर भिंतीपलीकडं चाचांचा धोटा खटखटत राहिला आणि इकडं त्याचा जीव जळत राहिला.

एका शुक्रवारी चाचा नेहमीसारखं दार उघडंच टाकून नमाजाला गेले. चंद्रभान चिलमीसाठी विस्तव आणायला त्यांच्या घरात शिरला. मागावर लग्नाच्या पागोट्याचा ताणा चढवलेला होता. बाजूला सुरी पडली होती. एकच धागा कापून पाहावा, एवढंच त्याच्या मनात आलं. धागा तुटला आणि अंगातून गार वारं गेल्यासारखं वाटलं. मग हात थांबेना. सगळा ताणा लोंबू लागला तेव्हा कुठं त्याला स्वतःची धाप ऐकू आली.

घरी बायको कौशल्यानं त्याच्या बाहीला चिकटलेले धागे पाहिले.  चाचा परतल्यावर ती त्यांच्याकडं गेली आणि तुटके धागे जोडायला बसली.

थोड्या वेळानं चाचांची हाक आली, "चंद्रभान, कोन्या हरामखोरानं घात केला पाय! तुयी नजर तेज हाय, ये जरा."

तो त्यांच्या उंबऱ्यातच थबकला. "चाचा, मीच केलं ते."

चाचांच्या हातातला धागा तसाच राहिला. "काहून रे? मी तुयं काय बिघडवलं होतं?"

"काईच नाई." त्याला कारण सापडेना. त्यांच्यावर राग असता तर निदान तो तरी सांगता आला असता.

"मंग बस. जोड," चाचा एवढंच म्हणाले.

पागोटं वेळेत झालं नाही. नवरदेवाकडच्यांनी दुसरीकडून घेतलं. चंद्रभानाला गल्लीत तोंड दाखववेना. तो अमरावतीच्या बाजारात कापसाच्या गाठी वाहायला गेला. लढाई संपली, भाव कोसळले, सूत पुन्हा आवाक्यात आलं, तेव्हा कौशल्यानं त्याला घरी आणलं.

चाचांनी पूर्वीसारखीच विचारपूस केली, चिलीमही पुढं केली. पण शुक्रवारी नमाजाला निघताना त्यांनी दाराला कुलूप लावलं. ओट्यावर बसलेला चंद्रभान चटकन उठून घरात गेला.