पोकळ पटाशी

माझी वहिनी सुतार आहे. सुताराची बायको नव्हे, स्वतः सुतार. हे चार माणसांत दर वेळी सांगावं लागतं आणि दर वेळी माझं डोकं फिरतं. भाऊ माझा बस चालवतो, त्याला साधा खिळा सरळ ठोकता येत नाही. वहिनी बापाच्या हाताखाली शिकली आणि लग्नाआधीपासून एकाच कारखान्यात दारांच्या चौकटी करते. उभ्या लाकडात चौकोनी खाच पाडायची आणि आडव्याचं टोक तिच्यात असं बसवायचं, की हलवून हलू नये. खाच तिचीच, हे अख्खा कारखाना मानतो.

मध्यंतरी ती जिन्यावरून घसरली. डावं मनगट मोडलं. हाड जुळलं, पकड मात्र गेली. हातोडा बसला की पटाशी मुठीतल्या मुठीत फिरायची. शेठने काही दिवस बघितलं आणि म्हणाला, "बाई, सोमवारपासून पॉलिशला बसा." पॉलिशच्या पुढची पायरी घर असते, हे तिथे सगळ्यांना ठाऊक आहे.

मी युनियनचा माणूस, भडकलो. "गेटवर पन्नास माणसं उभी करतो."

"करा की. त्यातल्या कुणाला खाच पाडता येते?"

तिला हवा होता उभ्या ड्रिल मशीनला बसणारा एक जोड. त्यात चौकोनी, आतून पोकळ पटाशी असते. आत गिरमिट फिरून लाकूड पोखरतं, बाहेरची पटाशी कोपरे कापत उतरते. जोर मशीनच्या दांड्याचा, मनगटाला तोशीस नाही. भंगार बाजारात मी तो हुडकून काढला, घासाघीस करून घेतला तिने. शनिवारी जेवणाच्या सुट्टीत बसवायचा आणि सुट्टी संपली की शेठला दाखवायचा, असं ठरलं. लाकूड धरायला मी.

जेवणाचा डबा तिने उघडलाच नाही. एकाला लागून एक चौकोनी भोकं घेत पहिली खाच पाडली, तर कडा वाकड्या, पायऱ्या-पायऱ्यांच्या.

"वहिनी, ही खाच आहे की करवतीचे दात?"

"भावोजी, तोंड बंद आणि लाकूड घट्ट."

आवाज चढा होता, पण कपाळावर घाम फुटलेला. खाली वाकून ती बराच वेळ बघत राहिली. मग स्वतःवरच चिडली. पटाशी तिने नजरेने सरळ लावली होती, हातातली लावतात तशी. हातात असते तेव्हा जरा तिरकी गेली तर हातच सांभाळून घेतो. मशीन कशाला सांभाळेल? तिने काटकोन तपासायचा गुण्या, लाकूड टेकतं त्या मागच्या आधारपट्टीला लावून पटाशीला भिडवला. केसभर फट दिसली. पाना घेऊन पटाशी फिरवली, आवळली, पुन्हा गुण्या लावला. पुन्हा सैल केली. बाहेर माणसं जेवण उरकून हात धुवायला लागली होती.

पुढच्या खाचेला धूर निघाला. गिरमिट पटाशीला आतून घासत होतं. जरासं खाली सरकवलं, भुसा मोकळा पडू लागला आणि खाच अशी उतरली, की मी बोट घालून चारही कोपरे चाचपले.

शेठ आला तो मेहुण्याला घेऊनच. खाच बघून म्हणाला, "झकास. मग हे काय, कुणीही करेल. ये रे, ओढ दांडा."

मेहुण्याने दांडा ओढला. खाच तशीच, सुबक. वहिनीचा चेहरा पांढराफटक पडला. माझ्या तोंडात शिवी आली होती, तेवढ्यात तिने पाना उचलला. मशीन बंद करून पटाशी काढली, गिरमिट काढलं, जोड सोडवून फडक्यात गुंडाळला.

"अहो बाई, राहू द्या ना."

"माझा आहे. सोमवारी मी चौकटींवर असेन तर हाही असेल. पॉलिशला बसवलंत तर हा घरी बसेल."

शेठने माझ्याकडे बघितलं. "यांच्याकडे बघू नका," वहिनी म्हणाली, "यांना नुसतं ओरडता येतं."

"बघू," म्हणून शेठ आत गेला.

संध्याकाळी बस थांब्यावर ते गाठोडं मांडीवर घेऊन ती बसली.

"जास्त बोलले का हो मी?"

"कमीच बोललात."

ती हसली नाही. "तो 'बघू' म्हणाला, तो कसा म्हणाला? नीट ऐकलंत ना?"

मी शेठच्या आवाजात म्हणून दाखवलं.

"पुन्हा म्हणा," ती म्हणाली.