सुकलालच्या लॅपटॉपवरचे दोन पहारेकरी

रविवार उजाडला तसं सुकलाल पाटलाचं बूड एका जागी टेकेना. चहा अर्धा पिऊन ठेवला, पेपर चाळून फेकला, गच्चीवर जाऊन आला आणि पुन्हा एकदा कॉम्प्युटर दुरुस्त करणाऱ्या ललितच्या दुकानाकडे चक्कर मारली. दुकान बंदच. सुरतच्या लिंबायत भागातल्या बाजारात रविवारी सगळी दुकानं उघडी असतात, आणि नेमकं याचंच शटर खाली! सुकलालने त्या शटरला जी शिवी हासडली ती इथे लिहिण्यासारखी नाही.

त्याचंही बरोबर होतं म्हणा. संध्याकाळी धनश्रीचा फोन यायचा होता. धनश्री म्हणजे त्याची एकुलती एक लेक, नाशिकला एका दवाखान्यात नर्स आहे. दर रविवारी ती लॅपटॉपवर व्हिडिओ कॉल करायची आणि आईबापांशी बोलायची. मागच्या रविवारी फोन ठेवता ठेवता ती म्हणाली होती, "आप्पा, पुढच्या वेळी मला तुमच्या एकट्याशी बोलायचंय. माय तेव्हा शेजारी नको."

"एवढं काय गं? लिहून पाठव ना."

"लिहिलेलं आधी मायच्या मोबाइलवर येतं. आणि हे मला तुमच्या तोंडाकडे बघून विचारायचंय."

आता तो रविवार आला होता, आणि लेकीचा चेहरा दिसणार होता, ओठ हलताना दिसणार होते, पण शब्द एकही कळणार नव्हता. सुकलालला ऐकू येत नाही.

जन्मापासून नाही हो. पारोळ्याकडच्या एका खेड्यातून मिसरूड फुटायच्या वयात तो सुरतला आला, तेव्हा कान चांगले तिखट होते. लूम्सच्या, म्हणजे यंत्रमागांच्या, खात्यात लागला. आता ज्यांनी ते खातं आतून पाहिलंय त्यांना सांगायला नको, आणि ज्यांनी पाहिलं नाही त्यांना सांगून कळायचं नाही. चारी बाजूंनी यंत्रांची खटखट, ती पाळी संपेपर्यंत थांबत नाही. कारागीर एकमेकांशी हातवाऱ्यांनी आणि ओठांनी बोलतात. अंगठा तोंडाकडे नेला की चहा, मनगट फिरवलं की मास्तर आला. वर्षं गेली तशी ती खटखट डोक्यात राहिली आणि बाकीचं सगळं निघून गेलं. कानात घालायचं यंत्र आणलं, ते नुसतं शिट्ट्या मारायचं. शेवटी लूम्स सोडून तो पांडेसऱ्याच्या एका मिलमध्ये कापडाच्या घड्या घालायला लागला. तिथे कानांचं काम नाही.

समोर बसून सावकाश बोललं तर तो ओठ वाचतो, पडद्यावरच्या बारीक तोंडाचे मात्र नाही. पण कोण बसतंय समोर? चार माणसं बोलायला लागली की हा प्रत्येकाच्या तोंडाकडे बघत मान फिरवत राहणार. मग बायकोला, मालतीबाईला, कोपर मारून विचारणार, "काय म्हनना तो?" आणि मालतीबाई म्हणणार, "काही नाही, असंच."

ज्याला ऐकू येत नाही त्याला विचारा, या "काही नाही, असंच"चा किती संताप येतो ते. तास-तासभर गप्पा रंगतात, लोक हसून लोळतात, आणि आपल्या वाट्याला काय, तर काही नाही! तरी मालतीबाईला वाईट म्हणू नये. इतकी वर्षं त्या माऊलीनेच त्याचा संसार ऐकला. डॉक्टर काय म्हणाला, शेठ काय म्हणाला, लेक काय म्हणाली, सगळं तिच्या तोंडून. आणि त्याचं उत्तरही तिच्याच तोंडून पुढे जायचं.

दिवाळीला धनश्री आली ती आपला जुना लॅपटॉप घेऊन. इंटरनेट ज्यात उघडतं त्या ब्राउझरला तिने एक छोटी जोड बसवली. एक्स्टेन्शन म्हणतात त्याला. समोरचा बोलला की त्याचे शब्द मराठीत लिहून खाली पडद्यावर उमटायचे. अहिराणी बोललं की ते गटांगळ्या खायचं, म्हणून रविवारी घरात सगळे शाळेतलं मराठी बोलायला लागले. पहिल्या रविवारी अक्षरं उमटली, "आप्पा, जेवलात का?" सुकलाल मोरीत गेला, तोंडावर पाणी मारून आला, तरी डोळे लालच. लेकीने किती वर्षांनी त्याला थेट काही विचारलं होतं!

आणि हे एवढं सोन्यासारखं चाललेलं त्याने स्वतःच्या हाताने मोडलं.

झालं असं. शेजारच्या पार्वतीला कुणीतरी फोनवर पोलीस असल्याचं सांगून चांगलंच फसवलं. सगळ्या गल्लीने धसका घेतला. सुकलालला वाटलं, आपल्या लॅपटॉपमध्ये कुणी शिरलं तर? त्यात धनश्रीने टाकलेला अँटीव्हायरस होता, चोरांना बाहेर ठेवणारा. पण एकच! सुकलालची सगळी जवानी पाळीच्या खोलीत गेलेली. एकाच खोलीत दिवसपाळीवाले आणि रातपाळीवाले आलटून पालटून झोपायचे, आणि कडीला साखळी लावून त्यात दोन कुलपं घालायचे, एक यांचं, एक त्यांचं. दोघांपैकी कुणीही आपलं कुलूप काढून आत जावं. त्या खोलीत कधी चोरी झाली नाही, याचं सुकलालला मोठं कौतुक. मग काय, पठ्ठ्याने फुकटात मिळणारा दुसरा अँटीव्हायरस शोधला आणि बसवला. एक दिवसा राखेल, एक रात्री.

दुसऱ्या दिवसापासून लॅपटॉप बैलगाडीसारखा चालायला लागला आणि खालची अक्षरं गायब.

आठवडाभर त्याने काय काय केलं! बंद केला, चालू केला, बॅटरी काढून फुंकर मारली. ललित रोज म्हणायचा, "उद्या येतो काका." शनिवारीही उद्याच.

मालतीबाई जेवायला वाढताना समोर बसून सावकाश म्हणाली, "राहू द्या ना आता. मी सांगसू ना तुम्हले, ती काय बोलनी ते."

"ती म्हनी राहिनी, माय नको."

"मायपासून काय लपवायचंय तिला?" असं म्हणून ती उठली, आणि पाठमोरी होऊन आणखी काहीतरी बोलली. सुकलालला ते कळलं नाही. पण तिचं भातावर वरण वाढायचं राहून गेलं होतं, आणि असं ती कधी विसरत नसे.

दुपार उतरायला लागली तसा ललित उगवला. दात कोरत, जसं काही घाईच नाही. सुकलाल त्याच्या अंगावर धावून जायचाच बाकी होता.

"शांती राखो, काका," ललितने दोन्ही हात वर केले. मग लॅपटॉप उघडला, बघितलं आणि कपाळाला हात लावला. वहीच्या मागच्या पानावर मोठ्या अक्षरांत लिहून दाखवलं: दोन पहारेकरी एका दारावर ठेवलेत. दोघं एकमेकांनाच चोर समजतात.

"दोन कुलपं चालतात ना!" सुकलाल ओरडला. त्याला आपला आवाज कळत नाही, त्यामुळे तो नेहमी खात्यातल्यासारखाच बोलतो.

ललितने मान हलवली आणि लिहिलं: कुलूप गप्प बसतं. हे दोघं येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाची झडती घेतात.

नव्या अँटीव्हायरसची गचांडी धरून ललितने त्याला बाहेर काढलं आणि लॅपटॉप बंद करून चालू केला. सुकलाल नखं खात उभा. चाल सुधारली, पण अक्षरं नाहीत. "गेलं ना? कायमचं गेलं ना?" ललितने त्याला खुणेने खाली बसवलं. मग ब्राउझरच्या सगळ्या जोडण्या बंद केल्या आणि एकेक चालू करून बघायला लागला. त्यात साड्यांच्या सेलच्या जाहिराती दाखवणारं एक भूत निघालं, ते कधी शिरलं देव जाणे. दुसऱ्या अँटीव्हायरसबरोबर आलेलं आणखी एक निघालं, मालक गेला तरी मागे राहिलेलं. दोन्ही काढली. शेवटी अक्षरंवाली जोड दिसली. नव्या पहारेकऱ्याने तिला मोडून ठेवलं होतं. का, तर ही बया माइकमधून घरातलं बोलणं ऐकते!

"मंग? ऐकाकरताच ठेवेल शे ना ती!" सुकलाल म्हणाला.

ललितला हसू आलं, पण त्याने लगेच सोडलं नाही. ती जोड कुणी बनवली, काय काय मागते, हे वाचून बघितलं, धनश्रीने टाकलेली तीच आहे याची खात्री केली. मग ती दुरुस्त करून, जुन्या अँटीव्हायरसमध्ये तेवढ्या एकीला मोकळीक दिली. सुकलाल म्हणत होता की पहारेकरीच नको, दोघांनाही हाकल. ललितने वहीत ठळक लिहिलं: एक हवाच.

मग तो लॅपटॉपसमोर वाकून काहीतरी बोलला. पडद्यावर उमटलं: काका आता तरी मला चहा पाजा.

सुकलालने त्या दात कोरणाऱ्या माणसाला मिठीच मारली. चहा मात्र राहिला, कारण तेवढ्यात धनश्रीचा कॉल आला. ललित चपला घालून निघून गेला. मालतीबाई पदर खोचत आतल्या खोलीत गेली. जाताना दार तिने लोटलं, लावलं नाही.

धनश्रीचा चेहरा उतरलेला. ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत होती.

"आप्पा, अक्षरं दिसतात?"

"दिसतात. बोल बेटा. एकटा शे मी."

ती बोलायला लागली आणि खाली ओळी सरकायला लागल्या. सुकलाल बोट लावून वाचत होता, एकही ओळ हातची जाऊ नये म्हणून.

"आप्पा, कामरेजच्या मामाच्या मुलाशी, योगराजशी, माझं लग्न तुम्ही ठरवलंय ना. माय म्हणाली, तुम्ही मामाला शब्द दिलाय. मला ते लग्न नकोय. पण तुमचा शब्द मोडला तर नातेवाइकांत तुमची मान खाली जाईल, म्हणून इतके महिने मी काही बोलले नाही. मला फक्त तुमच्या तोंडून ऐकायचंय. तुम्हाला हे मनापासून हवंय का? हवं असेल तर मी करते."

सुकलालने शेवटची ओळ वाचली. परत वाचली. योगराज? शब्द? कुणाला, कधी, कुठे बसून दिला होता त्याने शब्द? त्याला कुणी विचारलं तरी होतं का?

तो तोंड उघडणार, तेवढ्यात पडद्यावर आणखी अक्षरं उमटली. पण धनश्रीचे ओठ तर मिटलेले होते. ती बापाच्या खांद्यावरून मागे बघत होती.

"धना त्यांना काही माहीत नाही त्यांना कशाला विचारतेस माझ्या दादाला मीच सांगितलं की हे हो म्हणाले कामरेज हाकेवर आहे नाहीतर तू लांब जाशील म्हणून केलं गं बाई आता बंद कर मी त्यांना सांगते काही नाही असंच बोलत होती म्हणून"

सुकलालने ते सगळं वाचलं, सावकाश, बोट लावून. मालतीबाई त्याच्या पाठीमागे उभी होती. त्याला ऐकू येत नाही म्हणून आयुष्यभर जशी बोलत आली, तशीच बोलली होती.

तो लॅपटॉपकडे वाकला. "मी कोनलेच शब्द दिधा नही, बेटा!" त्या आवाजाने समोरच्या घरातली माणसं बाहेर आली. "कोनलेच नही! तुले जे नको, ते माले बी नको!"

धनश्रीने ओढणी तोंडावर धरली आणि ती रडायला लागली.

सुकलालने मागे न बघता हात लांब केला, शेजारची खुर्ची ओढली आणि आपल्या पुढ्यात फिरवून ठेवली.

"मालती, इथं बस," तो म्हणाला. "आणि आता जे बोलशील ते माझ्या तोंडाकडे बघून बोल."