रांगेतली शेवटची

तिचा दिवस पहाटे चारला सुरू व्हायचा. पाचच्या आत बेकरीत पोचायचं आणि अकरापर्यंत ट्रे घासायचे. जळक्या साखरेचा थर नुसत्या पाण्याने निघत नाही. आधी उकळतं पाणी ओतून तो मुरू द्यावा लागतो, मग पत्र्याच्या पट्टीने कडेकडेने खरवडावा लागतो. मधूनच जोर लावला तर ओरखडा पडतो आणि दुसऱ्या दिवशी पाव तिथेच चिकटतो. नव्या बाया घाई करायच्या आणि दुप्पट वेळ घालवायच्या. ती घाई करायची नाही आणि हातचं राखायचीही नाही.

दुपारी वस्तीच्या केंद्रावर. एक मोठा हॉल, मागे दोन खोल्या, पुढे थोडं मैदान. शाळा सुटली की मुलं इथे यायची आणि आईबापांची पाळी संपेपर्यंत थांबायची. अभ्यास, खेळ, चित्रं, शनिवारी म्हाताऱ्या सुताराकडे लाकूडकाम. उन्हाळ्यात दिवसभर शिबिर. केंद्र ताई चालवायच्या, कुलूपकिल्ली हिच्याकडे. फरशी पुसणं, पाणी भरणं, मुलांना जाम लावलेला पाव आणि केळं देणं, शेवटी खुर्च्या रचून दार लावणं, हे सगळं हिचं. मुलं तिला आत्या म्हणायची.

नवरा लवकर गेला होता. मुलगी सहा वर्षांची झाली तशी तीही केंद्रावर येऊ लागली. पहिल्याच आठवड्यात फाटकापाशी दोन बाया बोलत होत्या.

"हिचं बरंय. किल्ल्या हातात. पोरीला सगळं आधी मिळणार."

"मिळणारच. उगाच का कोणी फरशा पुसतं?"

तिने ऐकलं. ते तिच्या जिव्हारी लागलं. संध्याकाळी पोरीचे केस विंचरताना तिने सांगून टाकलं, "केंद्रावर मी तुझी आई नाही, आत्या. रांगेत सगळ्यांच्या मागे उभं राहायचं."

"आणि मला केळं उरलंच नाही तर?"

"नाही उरलं तर नाही उरलं. घरी आहे."

घरी रोज असायचं असं नाही.

पोर शहाणी होती. शिलाई मशीन एकच, शिकणाऱ्या दहाजणी, ही शेवटी. कागदावर सूर्यफुलाचं चित्र काढायचं म्हटलं की चांगले रंग संपल्यावर हिच्या वाट्याला तपकिरी. मुलांनी तिचं नाव 'शेपूट' ठेवलं. आई ते ऐकून हसायची. एखादी वस्तू कमी पडते आहे असं दिसलं की पोर न सांगता बाजूला व्हायची, आणि आईला त्याचा अभिमान वाटायचा. चारचौघांत कोणी बोट दाखवू शकत नव्हतं. त्या फाटकापाशीच्या बायाच आता म्हणायच्या, "पोर असावी तर अशी."

उन्हाळी शिबिराच्या शेवटी सहल असायची. डोंगरापलीकडच्या तळ्यावर, एका रात्रीचा मुक्काम. बस लहान, मुलं जास्त. मागे कोण राहणार ते दर वर्षी ठरलेलंच. बस गेली की मायलेकी मिळून रिकामा हॉल धुवायच्या. दुसऱ्या दिवशी मुलं उन्हाने रापून परत यायची. तळ्यात पाय सोडले की मासे गुदगुल्या करतात, असं सांगायची. पोर ऐकून घ्यायची आणि पुन्हा पुन्हा विचारायची, "म्हणजे चावतात का नुसतेच हुंगतात?"

पोर चौदा वर्षांची झाली त्या उन्हाळ्यात ताईंनी स्वतःच सांगितलं, "या वर्षी तिची जागा मी धरली आहे. खिडकीची. तुमचं काही ऐकणार नाही."

आईने बेकरीतलं मैद्याचं पोतं आणून धुतलं, मऊ होईपर्यंत परत धुतलं आणि त्याची खांद्यावरची पिशवी शिवली. निघायच्या दिवशी बसचं दार उघडल्याबरोबर पोर आत जाऊन बसली. ड्रायव्हर चहा पीत होता. तो म्हणाला, "काय गं, बस तूच चालवणार का?" पोर हसली. तिला एवढी हसताना ड्रायव्हरने कधी पाहिलं नव्हतं.

बस भरली. ड्रायव्हरने इंजिन सुरू केलं आणि तेवढ्यात गोदामातली एक बाई धावत आली. हाताला धरलेली सात वर्षांची मुलगी अर्धी फरफटत होती. गोदामात माल उतरवायला उशीर झाला होता, बाईला सोडलं नव्हतं.

"जागा नाही हो," ताई म्हणाल्या. "नाव पण नव्हतं दिलंत. पुढच्या वर्षी नक्की घेऊ."

मुलगी रडू लागली. आवाज न करता, नुसते खांदे हलत होते. फाटकापाशी पोचवायला आलेल्या बाया उभ्या होत्या. त्या मुलीकडे बघत होत्या, मग आत्याकडे बघू लागल्या.

आत्याने मान वर करून खिडकीकडे पाहिलं. तोंडाने एक शब्द काढला नाही.

पोर पिशवी घेऊन खाली उतरली.

"अगं, तू का उतरलीस? बस वर, करू काहीतरी," ताई म्हणाल्या.

"माझं पोट दुखतंय," पोर म्हणाली.

गोदामातल्या बाईने आत्याचे हात धरले, डोळ्याला पदर लावला. बस गेली. पोर आत गेली आणि खुर्च्या रचू लागली.

मागच्या खोलीत सुतार रंधा मारत होता. त्याने खिडकीतून सगळं पाहिलं होतं. आत्या बादली घेऊन आली तसा त्याने रंधा खाली ठेवला.

"पोट दुखतंय तिचं?"

"नाही."

"मग?"

"दुसऱ्याचं लेकरू रडत होतं, दादा."

"आणि तुझं?"

"माझं रडत नाही."

"तेच म्हणतोय मी," सुतार म्हणाला आणि परत रंधा उचलला.

त्या दिवशी फरशी पुसता पुसता आई म्हणाली, "पुढच्या वर्षी कोणी काही म्हणू दे, तू जायचंस."

"पुढच्या वर्षी मी पंधराची. चौदापर्यंतच घेतात."

"मग आपण दोघीच जाऊ. एखाद्या रविवारी."

"बरं," पोर म्हणाली.

रविवारी बेकरीत काम जास्त असायचं. जाणं झालं नाही. पोरीने परत कधी विचारलं नाही, आणि शिबिराचं नावही तिच्या तोंडून कधी निघालं नाही.

पोर वीस वर्षांची झाली आणि दुसऱ्या शहरात कपड्यांच्या कारखान्यात लागली. तिथेच लग्न केलं. भांडण नव्हतं. फोन यायचा, दोन्हीकडची खुशाली व्हायची आणि दोघी ठेवायच्या. नात झाली तेव्हा आई जाऊन आठ दिवस राहून आली. मुलगी सगळं नीट करत होती, फक्त आई काही करायला उठली की "तू बस" म्हणायची. त्यानंतर एकदाही बोलावणं आलं नाही. आईही आपणहून गेली नाही. बोलावल्याशिवाय पुढे व्हायचं नाही, ही तिचीच शिकवण.

नात सहा वर्षांची झाली. ताई अजून केंद्रावर होत्या, चष्म्याची काच तेवढी जाड झाली होती. त्या म्हणाल्या, "नातीला आणा उन्हाळ्याला. पहिलं नाव तिचं." आईने त्याच दुपारी फोन लावला.

"सुट्टीत पाठव तिला. दोन महिने राहील. मी आहे, ताई आहेत."

पलीकडे चालू असलेलं शिलाई मशीन थांबलं.

"नको, आई."

"का? माझे गुडघे दुखतात म्हणून? ते दुखतातच. काम अडत नाही माझं."

"गुडघ्यांचं नाही. तुझ्याकडे राहिली तर ती पण शिकेल."

"काय शिकेल?"

"तू नुसतं बघितलंस की बसमधून उतरायला."

आई म्हणाली, "मी तुला उतर म्हटलं नव्हतं."

"नाही म्हटलंस," मुलगी म्हणाली.

दोघींनीही फोन ठेवला नाही. शेवटी मुलगीच म्हणाली की इकडेही शिबिर असतं, पोहणं शिकवतात, पण फी फार आहे, बघू पुढे कधीतरी.

त्या महिन्यात आई बेकरी सोडणार होती. मालकाला सांगूनही झालं होतं. दुसऱ्या दिवशी तिने जाऊन शब्द परत घेतला. मालक म्हणाला, "आता काय राहिलंय तुझं? आराम कर." ती म्हणाली, "राहिलंय," आणि ट्रेंवर उकळतं पाणी ओतलं. गुडघा वाकत नव्हता म्हणून उलट्या डब्यावर बसून घासायची. काम पूर्वीइतकंच स्वच्छ व्हायचं, वेळ दीडपट लागायचा, आणि जास्त थांबल्याचे पैसे ती मागायची नाही.

पुढच्या उन्हाळ्याआधी तिने पैसे पाठवले. मुलगी नको म्हणेल अशी धास्ती होती. मुलीने घेतले.

"भरली फी," मुलगी फोनवर म्हणाली.

"सहल आहे त्यात?"

"आहे."

"खिडकीशी बसव तिला."

"ती बसेल तिची ती." मग थोडा आवाज बदलून, "देते तिला. बोल."

"कोण?" लहान आवाज आला.

"आजी," मागून मुलीने सांगितलं.

"कुठली आजी?"

मुलीने काय सांगितलं ते ऐकू आलं नाही. आई फोन कानाला धरून उभी राहिली.

पाव भाजणाऱ्या भट्टीसमोर आणि केंद्राच्या फरशीवर तिने आयुष्यभर जे कमावलं, त्यातलं घरभाडं गेलं, औषधं गेली, पोरीचं शिक्षण झालं. उरलं त्यातून हे झालं: एका मुलीची उन्हाळ्याची फी, सहलीसकट. ती मुलगी आजीला आवाजानेही ओळखत नव्हती.