दगडाचा कापूस

आमच्या लालबागच्या चाळीत भित्री माणसं बरीच होती, पण शेजारच्या मामांइतकं मनापासून घाबरणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही. उंदीर, पोलीस, भुतं यांना ते हिंग लावूनही विचारत नसत. त्यांना भीती एकाच गोष्टीची, धुळीची. घरात केरसुणीला बंदी, दाराला कायम ओली चादर. कुणी गॅलरीत गादी झटकली की मामा लुंगी सावरत धावलेच. आमच्याकडे फोडणीत मिरची जळून मी खोकलो, तरी भिंतीवर थाप पडायची. "श्वास घे रे. खोल घे. छातीत दुखता काय?"

जन्मभर गिरणीत कापूस पिंजलेला हा माणूस पूर्वी असा नव्हता. संप फिसकटला, गिरणी गेली आणि मामा शिवडीच्या गोदामात परदेशी बोटींची पोती उतरवू लागले. एकदा एक पोतं फाटलं. आत पांढरे, मऊ तंतू. मामांनी सवयीने चिमटीत धरून ताणून पाहिले आणि हरखलेच. पिशवीभर घरी घेऊन आले. "दगडाचो कापूस रे! आगीत घाल, जळूचो नाय!" त्या वर्षी चाळीच्या गणपतीला मामांनी त्याचा कैलास केला. समयांपाशी बर्फ असूनही पेटायची धास्ती नाही! तो बर्फ मी फुंकर मारमारून पसरवला. आजूबाजूच्या चाळींतली माणसं बघायला आली.

पुढे एका बोटीवरचा गोरा अधिकारी मास्क लावून, पोत्यांपासून लांब उभा असलेला मामांनी पाहिला. त्यांनी कारकुनाला विचारलं. तो हसला, "मामा, ह्याने फुप्फुसं जातात, पण वीस-तीस वर्षांनी. त्यांच्याकडे वापरायला बंदी आहे. विकायला नाय." मामा तडक घरी आले आणि माझ्या छातीला कान लावून बसले. दुसरं काम मिळेना, म्हणून पोती मात्र उतरवत राहिले.

बऱ्याच वर्षांनी मी त्यांना पेपर वाचून दाखवला. धोकादायक मालाच्या यादीत हा दगडाचा कापूस, म्हणजे अ‍ॅस्बेस्टॉस, घालायला जगभरचे देश जमले होते, पण चार-दोन देश आडवे आले आणि तो यादीबाहेरच राहिला. मामा म्हणाले, "म्हणजे विषाक विष म्हणूकय सगळ्यांची परवानगी व्हयी?"

मामा श्वास पुरेनासा होऊन गेले. शेवटी बोलवत नव्हतं, तरी मी दिसलो की बोटाने खुणावायचे, श्वास घे. मी मोठ्याने घ्यायचो, त्यांना ऐकू जावा म्हणून.

आता मी कैलास केला तेव्हाच्या मामांच्या वयाचा झालो आहे. फोडणीत मिरची अजून जळते, मी खोकतो. खोकला लवकर थांबत नाही तेव्हा मला भीती वाटते आणि मी भिंतीकडे बघत राहतो. थाप पडत नाही.