बरगीची ॲम्ब्युलन्स आणि लांजेवार काकांचा रंग

माझा जन्म ॲम्ब्युलन्समध्ये झाला. काटोलहून नागपूरला जाताना, कळमेश्वरच्या जरा अलीकडे. "हिला दवाखान्यापर्यंतही दम निघाला नाही," असं आई आजही येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवते. ती गाडी तिच्या डोळ्यांपुढे पक्की आहे: गोल नाकाची, मागे दोन दारं, आत हिरवं बाक आणि बाकाच्या वर पितळेची मूठ. ती मूठ धरूनच तिने मला जगात आणलं.

तशी गाडी शोधायची आणि आईसमोर उभी करायची, हे खूळ माझ्या डोक्यात बरीच वर्षं आहे. आई ऐंशीच्या पुढे गेली, गुडघ्यांनी संप केलाय, तेव्हा गाडीच दारात यायला हवी होती. आईने बघावं आणि "हीच" म्हणावं. बाकी काही नको होतं.

जुन्या ॲम्ब्युलन्स शोधणाऱ्यांचा आमचा एक ग्रुप आहे. हसू नका, आम्ही बरेच जण आहोत. कुठे गाडी दिसली की जो सदस्य सगळ्यात जवळ राहतो त्याने जाऊन पाहणी करायची, आणि पाहणीत फक्त उणं सांगायचं. कौतुकाला बंदी. एकाने कौतुक केलं की दुसरा लांबून भाळतो आणि भंगार गळ्यात पडतं, हे आम्ही ठेचा खाऊन शिकलो आहोत.

बरगी धरणाजवळच्या एका गावात तशी गाडी दिसल्याचं कळलं, तेव्हा पाहणीला गेले जबलपूरचे लांजेवार काका. गाड्यांच्या कारखान्यात रंगाच्या विभागात नोकरी करून निवृत्त झालेले. त्यांनी कळवलं: रंगाचे पोपडे निघालेत, दाराखाली गंज आहे, बाक फाटलंय, आत मासळीची जाळी ठेवतात त्यामुळे वास येतो आणि तो जाणार नाही. मुठीबद्दल एक अक्षर नाही. म्हणजे मूठ चांगली होती. मी त्याच दिवशी मालकाशी सौदा पक्का केला. सुट्टी मिळेपर्यंत काका गाडी जबलपूरच्या गोहलपूर भागातल्या गॅरेजमध्ये ठेवणार होते.

नागपूरहून पहाटे निघालात तर दुपारच्या जेवणाला जबलपूर गाठता येतं. रस्ता उत्तम आहे. पेंचच्या पट्ट्यात तो उंच पुलांवरून जातो. खालून जनावरं, वरून आपण. तिथे थांबू देत नाहीत, त्यामुळे चहा आधीच घ्या. शिवनीला पोहे बरे मिळतात. टोल बरेच आहेत, फास्टॅग भरून ठेवा.

काकांचं घर विजय नगरात. काकूंनी भरली वांगी केली होती आणि वर बाजारातून खव्याची जिलेबी आणली होती. ही काळपट जिलेबी जबलपूरला जाऊन खाल्ली नाही तर तुमची फेरी फुकट. जेवताना काका गप्प होते, पण मधूनच हसत होते. काकू म्हणाल्या की महिनाभर हे सकाळी गोहलपूरला जातात ते अंधार पडल्यावरच परततात. मला वाटलं, गंज काढत असतील.

सकाळी गोहलपूरला कार नेऊ नका. गल्ल्या अरुंद आहेत, रिक्षाच बरी. गॅरेजच्या दारात काकांनी मला थांबवलं आणि ताडपत्री ओढली.

समोर एक नवी कोरी गाडी उभी होती. दुधासारखा पांढरा रंग, लालभडक क्रॉस, बाकावर नवं हिरवं रेक्झिन. पोपडे नाहीत, गंज नाही, मासळीचा वास नाही. आमच्यात जुना रंग म्हणजे जीव की प्राण. मालकाला विचारल्याशिवाय त्याला कुणी हात लावत नाही.

"काका, मला जुनी हवी होती," मी म्हटलं. "आईला काय दाखवू आता? ही कुणाची गाडी आहे?"

"काहून? बिघडलं का काही?" काका गोंधळले. मग हळूच म्हणाले, "उणं सांगायचं अन् सोडून द्यायचं, हे मला जमत नाही बेटा. ती मूठ तेवढी मी जशीच्या तशी ठेवली."

राग आला होता आणि तो लपवायची मला सवय नाही. शिवनीच्या एका सदस्याने ट्रक पाठवला होता. आमच्यात भाडं घेत नाहीत, डिझेल आणि ड्रायव्हरचं जेवण तेवढं आपलं. काकांनी चाकं स्वतः दोरांनी आवळली. निघेपर्यंत त्यांनी ग्रुपवर लिहूनही टाकलं होतं: रंग नवा, विचारलं नाही, चूक माझी.

परतताना बरगीला थांबले. गाडीचे जुने मालक बर्मन भैया मासेमारी करतात. कागदांवर त्यांच्या सह्या हव्या होत्या. अशा गाडीचे कागद आधी तपासूनच घ्या, नाहीतर नुसता सांगाडा विकत घ्याल. त्यांनी ट्रकभोवती एक चक्कर मारली आणि म्हणाले, "दीदी, अब तो पहचान में ही नहीं आ रही." तिथून नागपूरपर्यंत तेच वाक्य माझ्या कानात होतं. धरणाचं पाणी सुंदर दिसतं म्हणतात. मी पाहिलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी आमच्या दारात उतरवली. आईला खुर्चीसकट उचलून आणलं. ती कितीतरी वेळ बघत राहिली. मी आधीच सारवासारव सुरू केली: आई, ही आधी जुनी होती गं, लांजेवार काकांनी रंगवून टाकली.

"जुनी काहून असंल?" आई म्हणाली. "नवीच होती ते. दवाखान्यात नुकतीच आली होती, पहिली बाई मीच. रंगाचा असा वास येऊन राहिला होता, की कळांपेक्षा त्यानंच मळमळून राहिलं होतं."

जन्मभर ऐकलेल्या त्या गोष्टीत मी गाडी आपली जुनीच धरून चालले होते. आईला आत बसवलं. तिचा हात न शोधता मुठीवर गेला. "हीच," ती म्हणाली.

मी तिथूनच काकांना फोन लावला. स्पीकर सुरू करून फोन आईपुढे धरला. आईने गाडीत श्वास घेऊन पाहिला.

"भाऊ," ती म्हणाली, "रंगाचा वास तेव्हा जास्त होता."

पलीकडून काकांचा आवाज आला, दोन दिवसांत पहिल्यांदा मोकळा. "अच्छा. मग आईनं पाहणी बरोबर केली. उणं तेवढंच सांगितलं."