सैल उडी

चार माणसं एका खोलीत बसून दीड वर्ष एकच उडी दुरुस्त करत राहिली, की किस्से साचणारच. आम्ही ते सांगत सुटतो आणि गेम राहतो बाजूला, अशी रेखाची कायमची तक्रार आहे. तिचं खरंही आहे. पण आज सांगू दे.

खोली म्हणजे कर्जतच्या बाजारात रेखाच्या झेरॉक्सच्या दुकानावरची. गेम आहे एका बकरीचा. कळपातून चुकलेली बकरी घाटाच्या पायथ्याच्या कोंडाणे गावातून निघते आणि दगडांवरून, फांद्यांवरून, रेल्वेच्या बोगद्यांवरून उड्या मारत घाटमाथ्यावर पोचते. बस्स. धावायचं, उडी मारायची, पडायचं, परत उठायचं. सुहास प्रोग्रॅम लिहितो. मुंबईतल्या कंपनीचं काम घरून करतो आणि उरलेल्या वेळात हे. मी शाळेत चित्रकला शिकवते, म्हणून चित्रं माझी. रेखा आम्हा दोघांना हाकते.

चौथे वसंतकाका. पोशीरचे, रेल्वेतून रिटायर झालेले ड्रायव्हर. गेम खेळून बघायचं काम त्यांचं. ते आम्ही त्यांना दिलं नाही, त्यांनी घेतलं.

अर्धांगाचा झटका आला तेव्हापासून काकांचा उजवा हात जरा मागे राहिलाय. अंगठा दाबला जातो, पण वेळेवर उचलला जात नाही. डॉक्टरांनी रबरी चेंडू दाबायला सांगितला होता. एकदा झेरॉक्स काढायला आले, वर आमचा दंगा ऐकला, धरून धरून जिना चढले आणि दहा मिनिटं नुसते बघत उभे राहिले. मग सुहासच्या हातातला रिमोट मागून घेतला. मी म्हटलं, काका, चेंडूचं काय?

"चेंडू दाबून माणूस कुठं पोचत नाय," काका म्हणाले आणि बसले ते बसलेच.

*

काकांनी उभी नोकरी बँकरवर काढली. बँकर म्हणजे कर्जतला गाडीच्या मागे लागतं ते इंजिन. घाट संपेपर्यंत गाडी ढकलायची, वर सोडून द्यायची आणि दुसऱ्या गाडीसाठी परत खाली यायचं. पुढचा ड्रायव्हर कोण, हे कधी कळायचंही नाही.

पहिल्याच आठवड्यात सुहासच्या लक्षात आलं, की काका चढ झकास चढतात, पण उतार आला की बकरी थांबते. प्रत्येक उताराला! घड्याळ पळतंय, मागून दरड कोसळतेय आणि बकरी आपली शांत उभी. सुहासला वाटलं, प्रोग्रॅमच अडकतोय. दोन दिवस शोधत बसला. शेवटी काकांनाच विचारलं.

काका म्हणाले, घाट उतरताना ठाकुरवाडी स्टेशनात गाडी उभी करायची, ब्रेक धरतोय का ते बघायचं आणि मगच पुढं जायचं. इतक्या वर्षांची सवय, अशी जाते होय?

सुहासने कपाळाला हात लावला. पण मग त्याने स्वतः एक उतार पूर्ण वेगात उतरून पाहिला. खालचा काटेरी खड्डा खरंच आधी दिसत नव्हता. बिचारी बकरी न बघता मरत होती. खड्डा लांबूनच दिसेल असा केला, तेव्हा कुठे खेळायला मजा यायला लागली. आता आम्ही नवीन उतार केला की सगळे म्हणतो, "ठाकुरवाडी झाली का?"

*

माझीही घमेंड एकदा उतरली, तेही सांगते. कातळावर मी आठ दिवस खपून शेवाळ रंगवलं होतं. स्वतःवर फार खूश होते.

हिरूबाई ठाकूरवस्तीवरून रानभाजी घेऊन बाजाराला येते आणि रेखाच्या पायरीवर बसते. बकरीचा गेम आहे म्हटल्यावर चहाचा कप घेऊन वर आली. दोन मिनिटं बघितलं आणि विचारलं, हे कुणी काढलं? मी पुढे झाले, कौतुक ऐकायला.

"बाय, यात पाय कुठं ठेवायचा ते दिसत नाय."

मी म्हटलं, अगं, ते शेवाळ आहे, ती झाडाची सावली आहे. ती म्हणाली, असंल, पण धरणारा दगड आन् निसटणारा दगड लांबनं वेगळा दिसतो. न दिसंल तर मी कशाला पाय टाकू?

आठ दिवसांचं काम एका कपात गेलं. पण आता धरणाऱ्या दगडाला वरून उजळ कड आहे आणि निसटणाऱ्याला नाही. चित्रकलेच्या तासाला मी मुलांना हल्ली हेच शिकवते, हिरूबाईचं नाव मात्र सांगत नाही. माणसाने थोडा स्वार्थ ठेवावा.

*

रेखा जुन्या वळणाची. लहानपणी टीव्हीला जोडायचा व्हिडिओ गेम तिच्याकडे होता, कॅसेटवर फुंकर मारून चालवायचा. तिचं म्हणणं, तीन जीव द्यायचे, संपले की पहिल्यापासून. त्याशिवाय माणूस जीव लावून खेळत नाही. सुहासचं म्हणणं उलटं. गेम जागोजागी सेव्ह करायचा, पडला की तिथूनच लगेच उठवायचा. वाट बघायला लावली की माणूस चिडतो आणि बंद करतो. या वादात आमचा एक महिना गेला.

शेवटी रेखाने तीन जीवांवरच गेम पूर्ण करून दाखवायचं ठरवलं. दुकानाला दुपारी कुलूप लावलं आणि बसली. काय खेळली ती! एकही जीव न घालवता शेवटच्या टप्प्याला पोचली. आम्ही तिच्या मागे उभे. आणि लाइट गेली.

रेखा उठली. रिमोट खाली ठेवला, कुलूप उघडलं, गिऱ्हाईकांना परत पाठवत बसली. दुसऱ्या दिवशी सुहास जिना चढत होता, तेव्हा तिने मान वर न करता विचारलं, "ते सेव्हचं काय म्हणत होतास?"

*

आता काकांचा शेवटचा टप्पा. दोन बोगद्यांच्या मधे दरी आहे आणि दरीत तीन सुळके. बटण जितकं धरून ठेवाल तितकी उडी लांब, चटकन सोडलंत तर आखूड. मधला सुळका जवळ आहे, तिथे आखूड उडी लागते. नेमकं तेच काकांना जमेना. अंगठा वेळेवर उठायचा नाही, बकरी सुळक्यावरून पुढे जायची आणि दरीत. रोज सकाळी दोन तास हेच. काकूंनी मला एकदा बाजूला घेऊन सांगितलं, की जेवताना त्यांचा घास अजून सांडतो, तिकडे बघत नाहीत, पण त्या बकरीचं रोज सांगतात. तेव्हापासून तो सुळका माझ्या डोक्यातून जाईना.

सुहास म्हणाला, काका, सुळका जरा रुंद करतो.

"घाट सपाट करून गाडी चढवत नाय रं," काका म्हणाले. "मी पडतो ते माझ्या चुकीनं पडतो, ते कळतं म्हणून तर परत बसतो."

पण सुहासला राहवेना. बोट जरा उशिरा उठलं तरी चालून जावं, एवढी बारीकशी सवलत प्रत्येक गेममध्ये असते. खेळणाऱ्याला ती कळतही नाही. सुहासने काका खेळायचे त्या लॅपटॉपपुरती ती तिप्पट केली, नवीन व्हर्जन म्हणून पेनड्राइव्हवरून टाकली आणि आम्हाला शपथ घातली. मला ते पटलं होतं, हे कबूल करते.

काका तरी पडतच राहिले. सुहासला कळेना, तिप्पट सवलत देऊनही कसे पडतात? हात आणखी बिघडला की काय, या काळजीने तो मला दोनदा भेटून गेला. रेखा मात्र गप्प होती. तिसऱ्या आठवड्यात एका मंगळवारी सकाळी बकरी मधल्या सुळक्यावर उतरली आणि थांबली. काका एकदा अंगठ्याकडे बघून हसले. मग पुढची उडी, त्याच्या पुढची, आणि घाटमाथा! रेखा दुकान सोडून वर धावत आली. मी रडले, लपवायचं काय त्यात. काकांनी डाव्या हाताने उजवा अंगठा नुसता धरून ठेवला होता.

सुहासचं तोंड मात्र उतरलेलं. त्याला राहवलं नाही. म्हणाला, काका, एक सांगायचंय, रागावू नका, मी तुमच्या लॅपटॉपवर...

काकांनी शर्टाच्या खिशातून सुहासचाच तो पेनड्राइव्ह काढला आणि टेबलावर ठेवला.

"तुझी नवी व्हर्जन टाकलीस त्याच दिवशी रेखाकडनं काढून घेतली अन् जुनी टाकली. तीस वर्षं लोकांच्या गाड्या मागनं ढकलल्यात मी. मागनं जोर लागला तर मला कळायचं नाय? घे, जपून ठेव. माझ्या वयाचा झालास की लागंल."